ती रिकामी जागा

डॉक्टरांनी रेकॉर्ड केलेले पेशंटचे रिपोर्ट ऐकून लिहून काढणं हे माझं काम. परवाची फाईल क्यूएकडून, म्हणजे आमचं काम तपासणाऱ्यांकडून, परत आली. शेरा एवढाच, ‘ही जागा रिकामी सोडायची गरज नव्हती.’ आणि तिथे सरळ 50 भरलेलं. तेव्हापासून चैन नाही.

ऑडिओ पुन्हा लावला. डॉक्टर चालता चालता बोलतायत, मागे मॉनिटर वाजतोय, आणि प्रेडनिसोन या स्टेरॉइडचा डोस नेमका त्या आवाजाखाली गेलाय. फिफ्टीन की फिफ्टी? पायाखालच्या पेडलने ऑडिओ मागे घेऊन ऐकलं, वेग कमी करून ऐकलं. शेवटचा ‘न’ आहे असंही वाटतं, नाही असंही. दोन्ही डोस देतात, त्यामुळे संदर्भही मदतीला येत नाही. क्यूएवाल्यांना खरंच ऐकू आलं? की माझेच कान गेले आता? इतकी वर्षं हेडफोन लावून बसतेय. मान, खांदे तर... जाऊ दे.

पैसे ओळीवर, आणि ओळ म्हणजे 65 अक्षरं. एका आकड्यासाठी घासलेला वेळ कुठल्याच ओळीत धरत नाहीत. घरच्यांच्या लेखी मी टायपिंग करते. आज सकाळी वाटलं, टाकायचा ना आपणही अंदाजाने आकडा, कोण विचारतंय!

पण नाही होत ते. हल्ली बहुतेक फायली मशीननेच लिहून आलेल्या असतात, आपण तपासायच्या. दरही त्यामुळे पडला. मशीन अडलं तरी थांबत नाही. सांधेदुखीच्या सेलेब्रेक्सच्या जागी नैराश्याचं सेलेक्सा लिहून मोकळं होतं. ‘नो चेस्ट पेन’मधला ‘नो’ गळतो आणि उरलेलं वाक्य इतकं स्वच्छ दिसतं की नजर अडतच नाही. रिकामी जागा निदान डोळ्यांत खुपते. डॉक्टर सही करायच्या आधी तिथे थांबतात, पेशंटचा चार्ट उघडतात. म्हणूनच मी शेजारी ऑडिओतली वेळ टाकते, त्यांना शोधत बसायला नको.

क्यूएने कापलेले गुण गेले ते गेले. यापुढेही जातील, कारण जे ऐकू आलं नाही ते मी लिहिणार नाही. त्यांचे कान माझ्यापेक्षा चांगले असतीलही. तसं असेल तर मला आनंदच आहे, त्या पेशंटसाठी.

मघाशी क्यूएला मेल टाकली: 50 स्पष्ट ऐकू आलं का, की चार्टमधून घेतलं? आणि दोन्ही नसेल, तर ही फाईल डॉक्टरांकडे परत पाठवाल का?