आधी सेमाडोह, मग चिखलदरा

अमरावतीचा माणूस चिखलदऱ्याला निघाला की आधी पॉइंट गाठतो, मेळघाटचं जंगल उरल्या वेळात बघतो. यंदा होळीच्या आदल्या आठवड्यात आम्ही क्रम उलटा केला. पुढच्यांनीही असंच जावं, असं मनापासून वाटतं.

आदल्या रात्री परतवाड्यात थांबलो. पेट्रोल तिथेच भरून घ्या आणि थोडी रोकडही काढून ठेवा, कारण घाट चढला की फोनला रेंज मिळेलच असं नाही. पहाटे घटांगमार्गे जंगलातल्या सेमाडोहला निघालो. सफारीचं बुकिंग वनविभागाच्या संकेतस्थळावर आधीच केलं होतं. ज्या ओळखपत्रावर बुकिंग करता, तेच मूळ ओळखपत्र सोबत असू द्या. पावसाळ्यात सफारी बंद असते, तेव्हा तारखा बघूनच बेत आखा.

मेळघाट हा 1973-74 मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा, सुमारे 361 चौरस किलोमीटरचा. ताडोबासारखा वाघ इथे सहज दिसत नाही. डोंगर उभे, दऱ्या खोल, जनावराला लपायला जागाच जागा. आम्हालाही वाघ दिसला नाही. पण मार्चमध्ये साग निष्पर्ण झालेला असतो आणि वाळल्या पाचोळ्यावर साधा रानकोंबडा चालला तरी कान टवकारले जातात. गाइडने हात वर करून जिप्सी थांबवली. समोरच्या उतारावर गव्यांचा कळप होता, सगळ्यात पुढे पांढरे पायमोजे घातल्यासारखा एक थोराड नर. दहा मिनिटं कोणी एक शब्द बोललं नाही. मोहाची फुलं नुकतीच गळू लागली होती, तो वास कपड्यांत दिवसभर राहिला. एवढ्यासाठी पहाटे उठणं सार्थकी लागतं.

दुपारी चिखलदरा. उंची सुमारे 1,100 मीटर, त्यामुळे खालच्या उन्हाची धग इथे कमी जाणवते. इथे कॉफी पिकते, आणि गवळ्यांच्या दुधाची रबडी चुकवू नका. भीमकुंड आणि देवी पॉइंट तासाभरात होतात. उरलेला वेळ गाविलगडाला द्या, निदान दोन-तीन तास. शार्दूल दरवाज्यावरचं गंडभेरुंडाचं, म्हणजे दोन तोंडांच्या काल्पनिक पक्ष्याचं शिल्प जवळ जाऊन बघा. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रजांनी बाहेरच्या किल्ल्याची तटबंदी फोडली, तरी आतला कोट उभा होताच. शेवटी शिड्या लावून सैनिक आत शिरले. मधली घळ बघितली की हा किल्ला घेणं किती कठीण होतं ते कळतं. आत सावली कमी, दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी न्याच.

होळीच्या दिवसांत इथल्या कोरकू आदिवासी बाया-पोरं रस्त्यात नाचत गाडी अडवून फगवा, म्हणजे होळीची बक्षिसी मागतात. घाबरू नका, हॉर्न वाजवू नका. हा त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा सण, बाहेरगावी कामाला गेलेली माणसंही यासाठी घरी परततात. दहा-वीसच्या नोटा हाताशी ठेवा आणि दोन मिनिटं ढोल ऐका.

उतरताना घटांगऐवजी धामणगाव गढीचा रस्ता धरा. मात्र अंधार पडायच्या आत घाट उतरून झालेला बरा, कारण संध्याकाळनंतर रस्त्यावर जनावरं येतात.