लपवायला काही नाही, तरीही

"आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय? सरकारने खातं बघितलं, फोन ऐकला, तर ऐकू दे की. तुमच्या मनाला एवढं का लागतं?" बँकेतून निवृत्त झाल्यापासून लोक मला हे हमखास विचारतात.

लागतं, कारण पासबुकात अख्खा माणूस दिसतो. कुठल्या डॉक्टरकडे चकरा चालल्यात, वकिलाची फी कशापायी, कुठली सून नवऱ्याला न सांगता माहेरी पैसे पाठवते. यात बेकायदा काहीच नाही, पण ते चारचौघांत मांडायचंही नाही.

दहा लाखांवरचे रोख व्यवहार, संशयास्पद व्यवहार बँक दिल्लीला एफआयूला, म्हणजे अशा व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेला, कळवते. संशयाचा अहवाल गेला तर खातेदाराला त्याचा पत्ता लागू द्यायचा नसतो. हे मला पटतं. काळा पैसा तसा पकडावाच लागतो. पण आंध्र प्रदेशने मुद्रांक कायदा बदलून, जिल्हाधिकाऱ्याने लेखी अधिकार दिलेल्या कोणालाही बँकेतले कागद तपासायची मुभा दिली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कॅनरा बँकेच्या खटल्यातला २००४चा निकाल. कागद बँकेच्या ताब्यात दिले म्हणून त्यांवरचा खासगीपणाचा हक्क सुटत नाही, असं न्यायालय म्हणालं. तो निकाल प्रत्येक शाखेत लावावा असं मला वाटतं.

फोनची गत वाईट आहे. टॅपिंगच्या आदेशावर न्यायाधीशाची सही लागत नाही. गृहसचिव सही करतात आणि नंतर सचिवांचीच समिती तो तपासते, म्हणजे सरकारच सरकारला तपासतं. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा सुचवायला नेमलेल्या न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८च्या अहवालात लिहिलं आहे की सचिवांच्या समितीच्या दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या बैठकीपुढे १५ ते १८ हजार आदेश असतात. एवढे आदेश कोण वाचणार?

मुंबईच्या एका व्यावसायिकाचा फोन लाचेच्या प्रकरणात २००९-१०मध्ये ऐकला गेला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ साली ते तिन्ही आदेश बेकायदा ठरवले, ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. त्याला दाद मागता आली, कारण त्याच्यावर खटला भरला गेला होता. ज्याच्यावर खटलाच नाही, त्याला कळवण्याची सक्ती कायद्यात कुठेच नाही. आधी न्यायाधीशाची परवानगी आणि तपास संपल्यावर त्या माणसाला एक पत्र, एवढंच मी मागतो.