तुम्ही विचारलंत म्हणून : पेटीत मावेल तेवढं नाटक

“दाजी, परत ते हॅम्लेट लावलंय काय?” मेव्हणा उंबऱ्यात चप्पल काढता काढताच विचारतो. आणि त्याच दमात पुढचा प्रश्न, “चांगल्या जुन्या नाटकाची वाट लावत गावोगाव फिरणाऱ्या ह्या परदेशी कंपन्यांत तुम्हाला एवढं दिसतंय तरी काय?”

तालमीच्या हॉलवर, लग्नाच्या पंगतीत, मिसळीच्या टेबलावर हाच प्रश्न मला इतक्यांदा विचारलाय की एकदा लिहूनच टाकतो. मी तीस वर्षं हौशी नाटकांचं नेपथ्य करतोय. म्हणजे फ्लॅट, म्हणजे देखाव्याच्या कापडी चौकटी, ठोकायच्या, रंगवायच्या, टेम्पोत भरायच्या आणि पावसानं भिजल्या की परत रंगवायच्या. त्यामुळे लोकांना वाटतं, निदान ह्या माणसानं तरी महाल, खांब आणि मखमली पडद्यांची बाजू घ्यावी. मी नेमका उलट्या बाजूला.

लंडनच्या ग्लोब थिएटरनं २३ एप्रिल २०१४ ला, शेक्सपिअरच्या साडेचारशेव्या जयंतीचा मुहूर्त धरून, हॅम्लेट दौऱ्यावर काढलं. जगातल्या प्रत्येक देशात एक तरी प्रयोग करायचा, असा बेत होता. दोन वर्षांत बहुतेक सगळे देश झाले, जॉर्डनमधल्या झातारी इथल्या सीरियन निर्वासितांच्या छावणीतही प्रयोग झाला. बारा नट आणि चार व्यवस्थापक, एवढ्यावर गाडा चालला. हॅम्लेट दोघं जण आलटून पालटून करायचे. नेपथ्य म्हणजे प्रवासाच्या ट्रंका, फळ्या, दोऱ्या आणि कापड.

मेव्हण्याला हा दरिद्रीपणा वाटतो. मला ते वाचल्या वाचल्या आमचा टेम्पो आठवला. नव्या मांडणीचं श्रेय लोक दिग्दर्शकाच्या डोक्याला देतात. दौऱ्यावरचं नाटक आधी पेटीत बदलतं. काय मावतं, काय राहतं, कोण आजारी पडलं, त्याचं काम कोण करणार, ह्यात अर्धं नाटक नव्यानं लिहून होतं. मेलेल्या राजाचं भूत आणि त्याला मारणारा भाऊ ही दोन्ही कामं एकाच नटाला द्यायची रीत पुष्कळ प्रयोगांत दिसते. त्यानं एक माणूस वाचतो हे खरंच. पण बापाचा चेहरा आणि बापाच्या खुन्याचा चेहरा एकच दिसला की हॅम्लेटचं डोकं का फिरतं, हे भाषा न येणाऱ्यालाही कळतं.

आणि हॅम्लेटचं म्हणाल, तर त्याला मराठीत आणण्यात कोल्हापूरचा हात आहे. हे सांगितलं की मेव्हणा जरा गप्प बसतो. आपले चौथे शिवाजी महाराज वेडे आहेत असं सरकारदरबारी ठरवलं गेलं होतं. त्यांचा छळ चाललाय आणि त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असं ‘केसरी’ आणि ‘मराठा’नं छापलं. बर्व्यांनी बदनामीचा खटला भरला आणि १८८२ साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. तिथले एकशे एक दिवस आगरकरांनी पुढं पुस्तकात लिहिले. त्याच कोठडीत त्यांनी हॅम्लेट मराठीत आणायला घेतलं. ते ‘विकारविलसित’ १८८३ मध्ये छापून आलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराज अहमदनगरच्या किल्ल्यात वारले.

वेडा ठरवलेल्या राजापायी तुरुंगात गेलेला माणूस तिथं बसून वेडाचं सोंग घेणाऱ्या राजपुत्राचं नाटक मराठीत करतोय. आगरकरांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, पण कोल्हापूरच्या माणसाला ते नाटक डेन्मार्कचं वाटत नाही, एवढं नक्की. त्यांनी हॅम्लेटचा चंद्रसेन केला. पुढं शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशांनी हा चंद्रसेन गावोगाव गाजवला. तेव्हा ओरिजिनलची वाट लागली म्हणून कुणी रडलं असेल तर असो, थिएटरं भरत होती.

चीक बाय जाऊल म्हणून १९८१ साली निघालेली एक इंग्रजी फिरती कंपनी आहे. त्यांनी १९९१ मध्ये ‘ॲज यू लाइक इट’ सगळ्या पुरुष नटांना घेऊन केलं आणि त्याचा केवढा गाजावाजा झाला! म्हणजे पुरुष बाई झालाय, ती बाई पुरुषाचा वेश घेते आणि त्या वेशात परत बाईचं सोंग करते. आमच्या केशवराव भोसल्यांनी पोरवयात ‘शारदा’ केली होती, तेव्हा आम्हाला ह्याची नवलाई ती काय? तरी मी त्या प्रयोगाचं कौतुक करतो. आपल्याकडं बायकांची कामं पुरुषांनी करणं ही सोय होती, त्यांनी ठरवून केलं आणि त्यातला खेळ उघडा ठेवला.

सगळंच चांगलं असतं असं नाही. राजाच्या हातात मोबाइल आणि अंगात सूट दिला की झालं नवं नाटक, असं मानणाऱ्या कंपन्याही पोत्यानं आहेत. तिथं मीसुद्धा मध्येच उठून चहा टाकतो.

आता जात्याची गोष्ट. आम्ही ‘एकच प्याला’ घेऊन तालुक्याच्या गावाला गेलो होतो. सिंधू जात्यावर दळते त्या प्रवेशासाठी मी थर्माकोलचं जातं केलं होतं, वर करडा रंग, लांबून अगदी दगड. ते कोल्हापुरातच राहिलं, माझ्याच घरच्या माळ्यावर. प्रयोगाला तास उरलेला. हॉलमागच्या घरातल्या एका आजींनी त्यांचं खरं जातं दिलं. ते आत आणायला चौघं लागले आणि दोन पायऱ्यांचे कोपरे गेले. आजींनी सुपात मूठ-मूठ करून जोंधळाही दिला, म्हणाल्या, “रिकामं फिरवू नगा, दगड दगडाला खातोय.”

आमची सिंधू शहरातली पोरगी. थर्माकोलवर तिचा हात नाचासारखा फिरायचा आणि ओवी कशी सरळ यायची. त्या दिवशी पहिल्याच फेऱ्याला खुंटा अडला. तिनं गुडघा पुढं घेतला, दुसरा हात लावला, घरघर सुरू झाली, आणि प्रत्येक फेऱ्याला तिचा श्वास तुटायला लागला. ओवी तिथंच तुटायची, जोर लागला की शब्द अर्धा, सैल झालं की उरलेला. दिग्दर्शक विंगेत कपाळाला हात लावून उभे. समोर बायकांच्या रांगेतली कुजबुज मात्र थांबली होती. पाळीभोवती पीठ सांडत होतं आणि मागच्या बाकावरची माणसं ते बघायला उभी राहिली.

पुढच्या सगळ्या प्रयोगांना आम्ही खरं जातं नेलं. थर्माकोलचं अजून माळ्यावर आहे.

प्रयोग संपल्यावर आजी रंगमंचावर आल्या. सिंधूच्या कामाबद्दल एक अक्षर नाही. वाकून चिमूटभर पीठ उचललं, बोटांत चोळलं आणि म्हणाल्या, “भरडा झालाय. असू दे, कण्यास्नी चालंल,” आणि सगळं पदरात भरून घेऊन गेल्या.