टेम्प फाईल दुसऱ्या प्रोसेसच्या हाती देताना

आमची पायथन स्क्रिप्ट रोज रात्री मराठी पावत्या एचटीएमएलमध्ये लिहिते आणि सबप्रोसेसने लिब्रेऑफिस चालवून त्यांच्या पीडीएफ करून घेते. मधल्या एचटीएमएल फायली काम झालं की नकोच असतात, म्हणून सुरुवात नेमडटेम्पररीफाईलपासून, म्हणजे बंद होताच आपोआप पुसली जाणारी तात्पुरती (टेम्प) फाईल देणाऱ्या पायथनच्या सोयीपासून केली.

लिनक्सवर पावत्या तळाशी तुटलेल्या निघाल्या. राईट झालं तरी शेवटचा मजकूर पायथनच्या बफरमध्येच, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यातच असू शकतो. फ्लश केलं, म्हणजे बफर फाईलमध्ये रिकामा केला, की दुसऱ्या प्रोसेसला तो दिसतो. त्यासाठी एफसिंक लागत नाही. अचानक वीज गेली तरी मजकूर डिस्कवर टिकावा, यासाठी ते असतं.

विंडोजवर पेच वेगळा. नेमडटेम्पररीफाईलने उघडी ठेवलेली फाईल तिथे सहसा दुसऱ्याला उघडता येत नाही, आणि बंद करावी तर ती पुसलीच जाते! २०२३ मध्ये आलेल्या ३.१२ आवृत्तीत यावर डिलीट_ऑन_क्लोज हा पर्याय मिळाला. तो फॉल्स ठेवला की विथच्या (काम संपल्यावर आवराआवर करणाऱ्या पायथनच्या ब्लॉकच्या) आत फाईल बंद करून खुशाल दुसऱ्याला द्यावी, विथ संपल्यावर ती जाते. पण आमच्या काही मशीनवर पायथन जुनं. शेवटी टेम्पररीडिरेक्टरी, म्हणजे काम संपल्यावर आतल्या फायलींसकट पुसलं जाणारं फोल्डर घेतलं, त्यात साधी फाईल लिहून बंद केली आणि त्या फाईलचा पाथ पुढे दिला. पीडीएफही तिथेच तयार होते. मला हाच मार्ग सर्वांत स्वच्छ वाटतो. एन्कोडिंग यूटीएफ-८ मात्र स्पष्ट लिहावं, नाहीतर विंडोजच्या जुन्या कोडपेजवर देवनागरी अडते.

खरी कसोटी पुढेच होती. तयार पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाकायची आणि दुसऱ्या युजरखाली चालणारी सर्व्हिस ती उचलणार. तिथे थेट लिहिलं तर सर्व्हिस अर्धी फाईलही उचलू शकते. म्हणून त्याच फोल्डरमध्ये एमकेएसटेम्पने (आपोआप न पुसली जाणारी टेम्प फाईल बनवणाऱ्या फंक्शनने), सर्व्हिस दुर्लक्ष करते अशा .पार्ट शेपटाची फाईल करायची, पीडीएफ तिच्यात उतरवून बंद करायची आणि मग ओएस.रिप्लेसने, म्हणजे एका झटक्यात नाव बदलणाऱ्या फंक्शनने, खरं नाव द्यायचं. फोल्डर तोच हवा, कारण /टीएमपी हे लिनक्सचं टेम्प फायलींचं फोल्डर बऱ्याचदा वेगळ्या फाइलसिस्टमवर असतं आणि तिथून रिप्लेस केलं की एरर १८ येते, म्हणजे एका फाइलसिस्टमवरून दुसरीवर असं नाव बदलता येत नाही.

एवढं होऊनही सर्व्हिसला फाईल वाचता येईना. एमकेएसटेम्प फाईलला ०६०० परवानगी देतं, म्हणजे ती बनवणाऱ्यालाच उघडते. सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. दोन्ही युजर एका ग्रुपमध्ये घेतले, फाईलचा ग्रुप तोच केला आणि रिप्लेसच्या आधी परवानगी बदलणाऱ्या सीएचमॉडने ०६४० केलं, म्हणजे मालकाला वाचता-लिहिता येतं आणि ग्रुपला फक्त वाचता येतं.