ईसीजी नॉर्मल, पण धडधड खरी

महिन्या-दोन महिन्यांतून कधीतरी छातीत अचानक धडधडायला लागतं, पाच-दहा मिनिटं चालतं, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत नाडी ७६. ईसीजी काढला तर नॉर्मल. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांची नोंद घेतो. हृदयाचे दिवसाला साधारण १ लाख ठोके पडतात. त्यातले दहा-बारा कागदावर उमटले आणि ते ठीक निघाले, एवढंच त्या कागदावरून कळतं. धडधडीचं 'कारण सापडत नाही' याचा अर्थ बऱ्याचदा इतकाच असतो, की ती चालू असताना कुणी नोंदच घेतलेली नाही. म्हणून पहिलं काम तिला पकडण्याचं.

त्याआधी धोक्याची लक्षणं. धडधडीबरोबर शुद्ध हरपली, छातीत दुखलं, धाप लागली, किंवा पळताना-जिना चढताना मध्येच धडधड सुरू झाली, तर घरी प्रयोग करत बसू नये; १०८ला फोन करावा. घरात कुणी चाळिशीच्या आत अचानक दगावलं असेल, तर धडधड किरकोळ वाटली तरी हृदयरोगतज्ज्ञांना दाखवावं.

आता नाडी. अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तर्जनी आणि मधलं बोट ठेवायचं; स्वतःचा अंगठा वापरायचा नाही, त्याचीच नाडी लागते. ठोके सारख्या अंतरानं पडत असतील तर ३० सेकंद मोजून दुप्पट करा, मागेपुढे होत असतील तर पूर्ण मिनिट मोजा. डॉक्टरांसमोर तीच लय टेबलावर बोटानं वाजवून दाखवा. 'खूप धडधडतं' या वाक्यापेक्षा त्यातून त्यांना कितीतरी जास्त कळतं.

'ठोका चुकला' असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा ठोका चुकलेला नसतो, वेळेआधी पडलेला असतो. हृदय पुरतं भरायच्या आत आकुंचन पावतं, म्हणून तो ठोका जाणवतही नाही. मग किंचित थांबा येतो, तेवढ्यात जास्त रक्त भरतं, आणि पुढचा ठोका दणकून बसतो. छातीत धस्स होतं ते या पुढच्या ठोक्यानं. रात्री डाव्या कुशीवर हे जास्त जाणवतं. कूस बदलून पाहावी. होल्टर, म्हणजे छातीला लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र, लावला तर निरोगी माणसांतही असे ठोके सापडतात. हृदयाची रचना ठीक असेल तर ते सहसा निरुपद्रवी. मात्र एकूण ठोक्यांपैकी १० टक्क्यांच्या वर गेले, म्हणजे दिवसाला दहा हजारांच्या आसपास, तर हृदयाचा स्नायू कमकुवत होऊ शकतो. मग टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) ठरावीक काळानं करत राहावा लागतो.

बटण दाबल्यासारखी सुरू होणारी आणि तशीच फट्कन थांबणारी, मिनिटाला १५० ते २२०च्या वेगानं पण अगदी एकसारखी चालणारी धडधड वेगळी. तिला एसव्हीटी म्हणतात. गळ्यात ठोके उडतात, थांबल्यावर भरपूर लघवीला होतं. तरुण बायकांना हा त्रास असला की 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवायची वाईट सवय आहे. ताणामुळे होणारी धडधड हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. सुरुवातीचा नेमका क्षण सांगता येत असेल तर तो ठासून सांगा. एसव्हीटीवर ॲब्लेशनचा (शिरेतून नळी घालून हृदयातला बिघडलेला विद्युत मार्ग जाळून टाकण्याचा) इलाज आहे आणि तो ९० टक्क्यांहून जास्त रुग्णांत यशस्वी होतो.

लयीला काही ताळमेळच नसेल, विशेषतः साठीनंतर किंवा बीपी-थायरॉइड असताना, तर एट्रियल फिब्रिलेशनचा, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे नुसतेच थरथरण्याचा, संशय घ्यायचा. ते दहा मिनिटांत थांबलं तरी सोडून द्यायचं नाही, कारण त्यात गुठळी होऊन पक्षाघाताचा धोका असतो.

कुठलं यंत्र लावायचं हे त्रास किती वेळा होतो त्यावर ठरतं. रोज होत असेल तर २४ ते ४८ तासांचा होल्टर, आठवड्यातून एकदा होत असेल तर ७ ते १४ दिवसांचा, छातीवर चिकटवायचा पॅच. दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या धडधडीसाठी एक दिवसाचा होल्टर लावला तर ती त्यात सापडणं नशिबावर. अशा वेळी ईसीजीची सोय असलेलं घड्याळ बरं. दोन्ही हात टेबलावर टेकवून, न बोलता, दुसऱ्या हाताचं बोट सांगितलेल्या जागी ३० सेकंद धरायचं आणि पीडीएफ जपून ठेवायची. घड्याळानं दिलेल्या निदानापेक्षा ती रेघ महत्त्वाची. धडधडीसोबत शुद्ध हरपत असेल तर त्वचेखाली बसवायचा लूप रेकॉर्डर असतो, तो सुमारे तीन वर्षं चालतो. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र भिस्त ठेवू नका: वेळेआधीचा कमजोर ठोका बोटापर्यंत पोहोचत नाही, आणि एकाआड एक तसे पडत असतील तर ८०ची नाडी ४० दिसते.

होल्टर लावायच्या दिवशी आधीच आंघोळ उरकावी, छातीला तेल-पावडर लावू नये. घामानं इलेक्ट्रोड सुटतात. वरून घट्ट सुती बनियन घाला. जिना चढा, कामं करा, दिवसभर पडून राहिलात तर उपयोग नाही. धस्स झालं की वेळ लिहा, मिनिटासकट.

रक्तात हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासून घ्यावं. मॅग्नेशियम नेहमीच्या इलेक्ट्रोलाइट्स तपासणीत धरत नाहीत, वेगळं सांगावं लागतं. आपल्याकडे ते सांगायला हवंच, कारण पित्ताची गोळी वर्षानुवर्षं रोज घेणारे घरोघरी आहेत. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल दीर्घकाळ घेतल्यानं मॅग्नेशियम उतरू शकतं. शिवाय अनेक 'पित्ताच्या' कॅप्सुलांत डोम्पेरिडोन हे मळमळीवरचं औषधही असतं, जे हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करतं. युरोपच्या औषध नियामकांनी २०१४ मध्ये ते सहसा आठवड्याहून जास्त घेऊ नये असं सांगितलं. आपल्याकडे ते महिनोन्‌महिने चालतं. पाकिटामागचे घटक वाचा. सर्दीच्या गोळीत फेनिलेफ्रिन, दम्याच्या पंपात सालब्युटामॉल, थायरॉइडच्या गोळीचा जास्त झालेला डोस, निर्जळी उपवास, आणि दात घासायची मशेरी, हेही तपासावं. मशेरी म्हणजे तंबाखूच, पण 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला ती लावणाऱ्या बायका नाही म्हणतात.

एसव्हीटी ठरलेली असेल तर ती थांबवण्यासाठी कुंथण्याची सुधारित पद्धत डॉक्टरांकडून शिकून घ्या. पाठीला उशा लावून अर्धवट बसायचं. १० मिलिच्या, सुई नसलेल्या सिरिंजमध्ये दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकायचं. लगेच सपाट आडवं व्हायचं आणि दुसऱ्यानं पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. ब्रिटनमधल्या २०१५च्या रिव्हर्ट चाचणीत या पद्धतीनं ४३ टक्के रुग्णांची लय ताळ्यावर आली; नुसतं बसून फुंकल्यावर १७ टक्के. फरक पाय उचलण्याचा आहे, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. हृदयाची झडप अरुंद असलेल्यांनी, अलीकडे हार्ट अटॅक आलेल्यांनी किंवा काचबिंदू असलेल्यांनी हे परस्पर करू नये. धडधड थांबवायला गळ्याची शीर दाबणं घरी कुणीच करू नये.

धडधडीचा त्रास आहे हे दातांच्या डॉक्टरांना आधी सांगायचं. बधिर करायच्या इंजेक्शनमध्ये बहुधा ॲड्रेनालिन असतं, त्यानं काही मिनिटं छाती जोरात धडधडू शकते. त्याविना मिळणारं औषधही असतं, फक्त त्याचा असर कमी वेळ टिकतो.