हिजियामाच्या आडोशाला

सुरुवात चुकीच्या गावानेच व्हायची होती. भाच्याने फोनवरच्या नकाशात 'फुचू' टाकलं आणि नकाशा आम्हाला थेट फुकुयामाच्या बाजूला न्यायला निघाला. "मामा, हे तर फार लांब दाखवतंय, तुम्ही तर म्हणाला होतात शेजारीच आहे." मग लक्षात आलं की हिरोशिमा प्रांतात फुचू दोन आहेत. एक फुचू शहर, पूर्वेला पार दूर. दुसरं आम्हाला हवं होतं ते फुचू-चो, हिरोशिमा स्टेशनपासून लोकलने जेमतेम दोन स्टेशनं. आपल्याकडे कुणी वडगाव म्हटलं की आधी 'कुठलं वडगाव?' विचारावं लागतं, तसलाच प्रकार.

हे फुचू-चो नकाशावर पाहण्यासारखं आहे. चहूबाजूंनी हिरोशिमा महानगर आणि मधोमध एवढासा स्वतंत्र तुकडा, स्वतःच्या नगरपालिकेसकट. शेजारच्या एवढ्या मोठ्या शहरात हे गाव अजून विलीन कसं झालं नाही, याचं कारण माझ्यासारख्या पिंपरी-चिंचवडकराला समजावून सांगावं लागत नाही. जकातीच्या जोरावर एखादं गाव शेजारच्या शहराला भाव न देता कसं जगतं, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. फुचूच्या हद्दीत माझदाचं मुख्यालय आहे. बाकी काही सांगायला नको.

मी भोसरीत एकतीस वर्षं गाड्यांचे सुटे भाग केले. त्यातली अकरा वर्षं कंपनीच्या ज्या बसने कामावर गेलो, तिच्या तोंडावर 'स्वराज माझदा' लिहिलेलं होतं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडे छोट्या ट्रकसाठी जपानी जोड्या जमल्या होत्या: डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान, आयशर मित्सुबिशी आणि पंजाबातली ही स्वराज माझदा. तेव्हापासून डोक्यात होतं की हे माझदा म्हणजे नक्की कुठलं गाव. भाचा हिरोशिमात नोकरीला लागल्यावर बहाणा मिळाला.

मुकाईनादा स्टेशनवर उतरलं की पाच मिनिटांत मुख्यालय. नाव आधीच नोंदवलेलं असलं की तिथून कंपनीची बस तुम्हाला आतल्या संग्रहालयात नेते. गंमत म्हणजे तिथे कुणी 'माझदा' म्हणत नाही. जपानी उच्चार 'मात्सुदा'. मात्सुदा हे कंपनी नावारूपाला आणणाऱ्या जुजिरो मात्सुदांचं आडनाव, आणि रोमन लिपीतलं स्पेलिंग पारशांच्या अहुर माझदाशी जुळवून घेतलेलं. अग्यारीवरून रोज जाणारा मुंबईकर हे नाव ऐकून कान टवकारेल, पण इथे ते कुणाच्या गावीही नसतं.

संग्रहालयात मी मोटारींपेक्षा आधी बुचापाशी थांबलो. हो, बाटलीचं बूच. १९२० साली हिरोशिमात जी कंपनी निघाली तिचं नाव होतं तोयो कॉर्क कोग्यो. पहिल्या महायुद्धात बाहेरून येणारं कॉर्क थांबलं, म्हणून जपानी ओकाच्या एका जातीच्या सालीपासून ते इथेच करायचा उद्योग. पुढच्या वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे अध्यक्ष झाले. मच्छीमाराचं पोर, लोहारकाम शिकलेलं. अशा माणसाचा हात बुचात रमणार कसा? १९२५ च्या शेवटी कारखान्याला आग लागली आणि त्यानंतर कंपनी यंत्रांकडे वळली. १९२७ मध्ये नावातला 'कॉर्क' गळाला, उरलं तोयो कोग्यो. १९३१ मध्ये पहिलं वाहन आलं, माझदा-गो. तीनचाकी, पुढून मोटरसायकल आणि मागून हौदा, इंजिन ४८२ सीसीचं.

या गाडीपुढे मी बराच वेळ उभा होतो. भाच्याला कळेना की मामा इथे का अडकले. त्याला कसं सांगू? त्याच्या जन्माआधी आमच्या मंडईत भाजीच्या पाट्या घेऊन येणारा जो टेम्पो होता, त्याची ही लांबची आजी शोभली असती. आपला तीनचाकी टेम्पो जर्मनीहून आला हे मला ठाऊक आहे, नातं जोडायचा हट्ट नाही. पण गरज तीच: अरुंद गल्ली, कमी पैसा, जास्त माल. त्या हौद्याच्या कडेची घडी मी वाकून पाहिली. पत्र्याची धार आत वळवून ठोकलेली, म्हणजे माल चढवताना हात कापू नये. ज्याने हे केलं त्याने स्वतः कधीतरी पोतं उचललेलं असणार.

नंतरची काही वर्षं युद्धाची. याच कारखान्यात सैन्यासाठी टाइप ९९ रायफली होत होत्या.

आदल्या दिवशी सकाळी आम्ही ट्रामने हिजियामा-शिता थांब्यावर उतरलो होतो. 'शिता' म्हणजे खाली, म्हणजे थांब्याचं नावच 'हिजियामाचा पायथा'. टेकडी सत्तरेक मीटरची. पर्वती चढायची सवय असलेल्या माणसाला दम लागायचं कारण नाही, तरी मला लागला. हिरोशिमात कुणालाही विचारा, माझदाचा कारखाना कसा वाचला, तर उत्तर येतं: हिजियामामुळे. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तो टेकडीच्या पश्चिमेला, शहराच्या मधोमध. कारखाना टेकडीच्या पलीकडे, साधारण ५ किलोमीटरवर. त्या दिवशी जुजिरो मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता.

आता माझी खोड अशी की आकृती काढल्याशिवाय पटत नाही. रात्री हॉटेलच्या कागदावर काढली. बॉम्ब जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर फुटला. तिथून ५ किलोमीटरवरच्या कारखान्याकडे सरळ रेघ मारली, तर ती टेकडीच्या माथ्यावरून तीनशे मीटर उंचावरून जाते. म्हणजे उजेड आणि आच टेकडीने अडवली असं काही म्हणता येत नाही. तिची खरी सावली पडली ती लगेच मागच्या दानबारा वस्तीवर, आणि तिथली जुनी घरं वाचली हे खरंच आहे. हवेचा लोट मात्र जमिनीला धरून धावतो, त्याला टेकडी आडवी आली असेल. बाकी काम अंतराने केलं. भाच्याला आकृती दाखवली तर तो म्हणाला, "मामा, इथल्या कुणाला हे सांगू नका." नाही सांगितलं. ज्या गावाचं सगळं गेलं, त्यांनी एका टेकडीचे आभार मानले तर त्यात माझ्या पट्टीपेन्सिलीने कशाला लुडबुड करायची?

पुढची गोष्ट मात्र मला टेकडीपेक्षा मोठी वाटली. प्रांताच्या सरकारला बसायला शहरात इमारत उरली नव्हती. मग सरकारच कारखान्यात आलं. जुलै १९४६ पर्यंत हिरोशिमा प्रांताचा कारभार तोयो कोग्योच्या इमारतीतून चालला. आणि १९४५ चा डिसेंबर उजाडला तेव्हा त्याच आवारात पुन्हा तीनचाकी बनायला लागल्या होत्या. शहरातली ट्राम तर तिसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, थोड्या अंतरापुरती का होईना धावली. उभारणीसाठी लागणारा माल हलवायला तीनचाकीपेक्षा योग्य वाहन दुसरं कुठलं?

संग्रहालयात उजेड सगळा रोटरी इंजिनावर, म्हणजे ज्यात पिस्टन वर-खाली होण्याऐवजी त्रिकोणी चकती गोल फिरते त्या इंजिनावर, आणि ५५ नंबरच्या ७८७बी वर. १९९१ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकणारी ही पहिली जपानी गाडी. अभियंते केनइची यामामोतो आणि त्यांचे सहकारी धरून सत्तेचाळीस जण रोटरीच्या मागे कसे लागले, इंजिनाच्या घराच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आतल्या भिंतीवर उमटणाऱ्या लाटांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' कसं नाव पडलं, हे सगळं तिथे छान मांडलंय. ते ओरखडे असलेलं इंजिनाचं घर मी बोटाने चाचपून पाहिलं असतं, पण मध्ये काच. चकाकत्या धातूवर बारीक आडव्या रेघा, जणू कुणी काटा-चमच्याने खरवडलंय. आमच्याकडे असा भाग आला असता तर लाल शाईने 'रिजेक्ट' मारून मोकळे झालो असतो. यांनी त्यावर वर्षं काढली आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट रस्त्यावर आणली.

मग जोडणीची लाइन. इथे फोटो काढायला मनाई, म्हणून डोळे फाडून पाहिलं. वरच्या मार्गिकेवरून खाली दिसतं: एकाच पट्ट्यावर एक एसयूव्ही, तिच्या मागे छोटी हॅचबॅक, मग दोन माणसांची उघड्या टपाची रोडस्टर. उजव्या स्टिअरिंगच्या मागोमाग डाव्या स्टिअरिंगची. म्हणजे माणसाच्या हातात दर मिनिटागणिक वेगळी गाडी येते आणि त्याने चुकायचं नाही. ज्याने कधी लाइनवर उभं राहून चुकीचा नट उचललाय त्यालाच यातली धाकधूक कळेल. वाटाड्या बाईंना मी भाच्याकरवी विचारलं, चूक झाली तर? त्या हसल्या आणि म्हणाल्या, लाइन थांबते. एवढंच.

संग्रहालय आहे ते उजिना भागात, आणि हा उजिना म्हणजे समुद्रात भर घालून मिळवलेली जमीन. मुख्यालय एनको नदीच्या एका काठाला, उजिना दुसऱ्या. मधे कंपनीचा स्वतःचा पूल, तोयो ओहाशी, १९६५ चा, ५६० मीटर लांब. कंपनीने स्वतःसाठी बांधलेला! आपल्याकडे नदीवर पूल हवा असेल तर किती निवडणुका जातात, ते असो. पुढच्याच वर्षी, १९६६ मध्ये, उजिनाचा पहिला कारखाना सुरू झाला, १९७२ मध्ये दुसरा. आज पूर्व-पश्चिम मोजलं तर हा सगळा पसारा जवळजवळ ७ किलोमीटर भरतो. चाचणीचा ट्रॅक मात्र डोंगराकडे, मियोशीला, तोही १९६५ चा. तिकडे गेलो नाही.

संध्याकाळी ओगोनझान नावाच्या दुसऱ्या टेकडीवर गेलो. तिथून सगळं एका नजरेत बसतं: मागे डोंगर, पुढे आतला समुद्र, मधल्या चिंचोळ्या पट्टीत छपरामागून छप्पर, आणि धक्क्याला लागलेलं गाड्या वाहून नेणारं जहाज, खिडक्या नसलेल्या इमारतीसारखं. गाडी लाइनवरून उतरते आणि ट्रेलर न शोधता थेट जहाजात चढते. कारखाना समुद्राकाठी असण्याचा हा फायदा आम्हा डेक्कनवाल्यांना पुस्तकात वाचून कळतो. इथे तो दिसत होता. आणि पुढचा प्रश्नही दिसत होता: आता आणखी वाढायचं म्हटलं तर जागा कुठे?

ती जागा होफूत. हा शेजारच्या यामागुची प्रांतातला किनारा, एके काळी मिठागरांचा. आम्ही शिनकानसेनने तोकुयामाला आणि तिथून लोकलने होफूला गेलो. पण होफूच्या आधी सत्तरचं दशक सांगायला हवं, नाहीतर होफूचं महत्त्व कळत नाही. १९७३ च्या तेलसंकटात सगळ्यात जास्त मार खाल्ला तो रोटरीने, कारण ती पेट्रोल पिणारी. अमेरिकेत गाड्या पडून राहिल्या. कारखान्यातले हजारो कामगार विक्रेत्यांकडे पाठवले गेले, काल स्पॅनर धरणारा माणूस आज दारोदार गाडी विकतोय. १९७७ मध्ये मात्सुदा घराण्यातल्या अध्यक्षांना पायउतार व्हावं लागलं आणि १९७९ मध्ये फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला. त्या पडत्या काळात हिरोशिमातल्या उद्योगांनी 'गाडी घ्यायची तर आपल्या गावची' अशी मोहीम चालवली. आणि १९७५ मध्ये, कंपनी अंथरुणाला खिळलेली असताना, गावाच्या बेसबॉल संघाने पहिल्यांदा लीगचं विजेतेपद मिळवलं. संघाचं नाव हिरोशिमा तोयो कार्प. त्यातलं 'तोयो' कुठून आलं ते वर आलंच आहे.

यातून सावरल्यावर कंपनीने होफूत पाय टाकला: १९८१ मध्ये नाकानोसेकीला गिअरबॉक्सचा कारखाना, १९८२ मध्ये निशिनोउरा इथे मोटारींचा, आणि १९९२ मध्ये तिथेच दुसरा. तोयो कोग्यो हे नाव बदलून अधिकृतपणे माझदा झालं ते मधल्या काळात, १९८४ मध्ये. ज्या वेळी आमची स्वराज माझदा पंजाबात आकार घेत होती, जवळजवळ त्याच वेळी.

होफूत आम्हाला आत जायचं नव्हतं, किनारा पाहायचा होता. स्टेशनवरून टॅक्सी केली. सपाट, बोडकी जमीन, खारा वारा, मधे मधे पाण्याचे सरळ चर. वसई-विरारकडची मिठागरं पाहिलेल्या माणसाला ही जमीन लगेच ओळखू येते, त्यावर कितीही मोठी छपरं चढवा. कुंपणापलीकडे नव्याकोऱ्या गाड्या ओळीने उभ्या, सगळ्यांची तोंडं समुद्राकडे. लाल रंगाच्या बऱ्याच. उतरून दहा मिनिटं उभे राहिलो. भाच्याला कंटाळा आला होता, पण तो काही बोलला नाही.

परतताना माझं लक्ष टॅक्सीच्या बोधचिन्हाकडे गेलं. टोयोटा! माझदाच्या कुंपणापर्यंत आम्ही टोयोटातून आलो होतो. भाच्याला म्हटलं, विचार बरं काकांना. तो आधी नाही म्हणाला, असं विचारत नाहीत म्हणे इथे. मग विचारलंच. पांढरे हातमोजे घातलेले ते काका आरशात बघत हसले आणि काहीतरी लांबलचक बोलले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, ही कंपनीची आहे, मी काय करू? घरी मात्सुदाच आहे. बायकोचीही, आणि मुलाचीही."

आणि मग गाडी सिग्नलला थांबल्यावर त्यांनी समोरच्या पट्ट्यावरून जाणाऱ्या एका लाल गाडीकडे बोट दाखवलं, जणू तीही त्यांच्या घरचीच होती.