सिएटल ते व्हँकुव्हर : शपथेआधीचा प्रवास

अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज केलेल्या माणसाने निकाल लागेपर्यंत परदेशी जावे की नाही, हा सिएटलच्या मराठी घरांत वारंवार निघणारा विषय आहे आणि त्यावर प्रत्येकाकडे एखादा ऐकीव सल्ला तयार असतो. नियम मात्र त्या सल्ल्यांपेक्षा पुष्कळ स्पष्ट आहेत. एन-४०० हा अर्ज भरल्यानंतर देशाबाहेर जाण्यास मनाई नाही. सर्वसाधारण अर्जदाराने आधीच्या पाच वर्षांपैकी किमान तीस महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिल्यास निवासाचे सातत्य तुटले असे गृहीत धरले जाते आणि हे सातत्य नागरिकत्वाची शपथ घेईपर्यंत टिकवावे लागते. खरी अडचण पत्रांची असते. शपथविधीची तारीख टपालाने कळते आणि एकाहून अधिक वेळा गैरहजर राहिल्यास अर्जदाराने अर्जच सोडून दिला असे मानले जाऊ शकते. म्हणून या काळात लांबच्या प्रवासाचा बेत न आखणे शहाणपणाचे, असे माझे मत आहे. जवळच्या प्रवासाला मात्र घाबरण्याचे कारण नाही.

माझी मुलाखत टकविला येथील कार्यालयात झाली, तिचा निकाल लिहिलेला कागद हाती मिळाला आणि शपथविधीच्या पत्राची वाट पाहणे सुरू झाले. त्याच काळात आम्ही कॅनडातल्या व्हँकुव्हरला जायचे ठरवले. सांगलीहून आईचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अगं, सगळं पदरात पडेपर्यंत थांबायचं ना. हातातोंडाशी आलेलं असताना बाहेर कशाला जायचं?" तिची काळजी रास्त होती. पण शपथ घेतली की १९५५ च्या भारतीय नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार माझे भारतीय नागरिकत्व संपणार होते आणि त्याआधी, भारताची नागरिक असतानाच, मला हा रस्ता एकदा नीट पाहायचा होता. आमच्या दारावरून उत्तरेकडे जाणाऱ्या या महामार्गावर हिंदुस्थानातून आलेल्या माणसांचा जो इतिहास घडला, तो इथे इतकी वर्षे राहूनही मी कधी थांबून वाचला नव्हता.

शनिवारी पहाटे निघालो. एव्हरेट मागे पडले, स्कॅजिट खोऱ्यातील सपाट शेते गेली आणि डोंगरातून वळणे घेत रस्ता बेलिंगहॅमला पोहोचला. या टुमदार गावात ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री काही शे गोऱ्या लोकांचा जमाव लाकडाच्या गिरण्यांत आणि कामगारांच्या वस्तीत घुसला. तिथे राहणारे हिंदुस्थानी मजूर बहुतेक पंजाबी शीख होते. जमावाने त्यांना मारहाण करून घराबाहेर काढले, त्यांचे सामान लुटले आणि कित्येकांना नगरभवनाच्या तळघरात कोंडले. पुढच्या काही दिवसांत त्यांतील जवळजवळ प्रत्येक माणूस गाव सोडून निघून गेला. ते नगरभवन आज संग्रहालय आहे. लाल विटांची, मनोऱ्यांची ती इमारत अतिशय देखणी आहे आणि तिच्यासमोर उभी असताना मला तिच्या देखणेपणाचा त्रास झाला. तिथून थोड्याच अंतरावर २०१८ मध्ये उभारलेली ग्रॅनाइटची एक कमान आहे. या गावातून १८८५ मध्ये चिनी, १९०७ मध्ये हिंदुस्थानी आणि १९४२ मध्ये जपानी लोकांना घालवून देण्यात आले, त्या तिन्ही घटनांची ती आठवण आहे. शंभराहून अधिक वर्षांनी का होईना, पण गावाने आपल्या दारातच ही गोष्ट दगडात मांडली, याचे मला मोल वाटते.

बेलिंगहॅमपासून ब्लेनची सीमा अर्ध्या तासावर आहे. इथे दोन्ही देशांच्या मधल्या बागेत १९२१ मध्ये बांधलेली पांढरी शुभ्र शांतिकमान आहे. तिची उंची ६७ फूट आहे आणि आतल्या बाजूला 'ही दारे कधीही बंद न होवोत' या अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. कोरोनाच्या काळात सीमा बंद असताना ताटातूट झालेली कुटुंबे याच बागेत येऊन एकमेकांना भेटत असत. आमच्या गाडीपुढे बरीच रांग होती. खिडकीशी पोहोचल्यावर यजमानांनी दोन पासपोर्ट एकदम पुढे केले. त्यांचा अमेरिकेचा आणि माझा भारताचा, त्यात घडी न पडेल अशा बेताने ठेवलेले ग्रीन कार्ड. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना असलेल्या भारतीयाला कॅनडाचा वेगळा व्हिसा लागत नाही. वैध पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड पुरते. कॅनडाच्या अधिकारी बाईंनी यजमानांचा पासपोर्ट एका नजरेत परत केला आणि माझ्या पासपोर्टची पाने सावकाश उलटली. कुठे चाललात, किती दिवस, सोबत काय आहे, एवढेच विचारले आणि आम्हाला पुढे सोडले. त्यांचे वागणे सौजन्याचेच होते. तरीही एकाच घरातल्या, एकाच आडनावाच्या दोन माणसांना लागलेल्या वेळातला फरक मला फार जाणवला.

व्हँकुव्हरमध्ये आम्ही थेट कोल हार्बरला गेलो. समुद्राला लागून फिरायला रुंद वाट आहे, समोर उत्तरेकडचे डोंगर आहेत आणि पाण्यावरून छोटी विमाने सतत उडत-उतरत असतात. त्या वाटेवर कोमागाता मारूचे स्मारक आहे. गुरदित सिंग यांनी भाड्याने घेतलेले हे जपानी जहाज ३७६ हिंदुस्थानी प्रवाशांना घेऊन २३ मे १९१४ रोजी याच खाडीत आले. जन्मदेशातून थेट, सलग प्रवास करून आलेल्यालाच उतरू द्यायचे, असा नियम कॅनडाने १९०८ मध्ये केला होता. हिंदुस्थानातून कॅनडाला थेट येणारे जहाजच तेव्हा नव्हते, त्यामुळे नियमात कुठेही हिंदुस्थानी हा शब्द न लिहिता त्यांना बाहेर ठेवण्याची सोय झाली होती. ते सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते आणि कॅनडाही त्याच साम्राज्यात होता, पण त्याचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नाही. अन्नपाण्याचे हाल सोसत दोन महिने जहाज किनाऱ्यासमोर उभे राहिले. मोजक्या लोकांना उतरू देऊन २३ जुलैला ते युद्धनौकेच्या पहाऱ्यात परत पाठवण्यात आले. कलकत्त्याजवळ बजबज येथे पोहोचल्यावर पोलिसांनी प्रवाशांवर गोळीबार केला आणि त्यात अनेक जण मारले गेले. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ साली.

उन्हाची तिरीप पडली होती, लोक सायकली घेऊन शेजारून जात होते. स्मारकावरची प्रवाशांची नावे मी बराच वेळ वाचत राहिले. सकाळी सीमेवर मला पाच मिनिटे जास्त थांबावे लागले, याचा सल तिथे उभी असताना मनातून गेला.

परतीच्या वाटेवर अमेरिकेच्या अधिकाऱ्याने ग्रीन कार्ड तपासले आणि कॅनडात काय केले असे विचारले. स्मारक पाहायला गेलो होतो, असे मी सांगितले. मुलाखतीच्या निकालाचा कागद सोबत होता, पण तो त्याने मागितला नाही. दक्षिणेकडे येताना यजमानांशी भगत सिंग थिंद यांच्याविषयी बोलणे झाले. थिंद १९१३ मध्ये सिएटललाच उतरले होते. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात दाखल झाले आणि टकोमाजवळच्या कॅम्प लुईस छावणीत, अंगावर गणवेश असतानाच, १९१८ मध्ये त्यांना नागरिकत्व मिळाले. काही दिवसांतच ते काढून घेण्यात आले. पुन्हा मिळाले, सरकारने पुन्हा हरकत घेतली आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही, असा निकाल दिला. त्यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतः १९१४ पासून अमेरिकेचे नागरिक होते. या निकालानंतर सरकार त्यांचेही नागरिकत्व रद्द करायला निघाले. पंडित न्यायालयात लढले आणि जिंकले. या माणसाचे नाव आपल्याकडच्या शाळकरी मुलांना माहीत असायला हवे, असे मला मनापासून वाटते. हिंदुस्थानी लोकांना नागरिकत्वाचा हक्क कायद्याने मिळायला १९४६ साल उजाडावे लागले.

त्यानंतर शपथविधीचे पत्र आले. त्या पत्रासोबतच्या प्रश्नावलीत, मुलाखतीनंतर अमेरिकेबाहेर गेला होतात का, असा एक प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर शपथेच्या दिवशीच लिहायचे असते. मी 'होय' लिहिले आणि पुढे कॅनडा व तारखा भरल्या. टेबलामागच्या अधिकाऱ्याने त्यावर नजर टाकली, तारखा तोंडी विचारून पडताळल्या आणि ग्रीन कार्ड मागून घेतले. ज्यांना शपथेनंतर लगेच प्रवास करायचा असेल, त्यांनी या टप्प्याचा विचार आधीच करावा: ग्रीन कार्ड गेलेले असते, भारताचा पासपोर्ट वापरता येत नाही आणि अमेरिकेचा पासपोर्ट अजून यायचा असतो. मी पासपोर्टचा अर्ज त्याच आठवड्यात केला. भारताचा पासपोर्ट रद्द करून घेण्याचे कागद आता जमवते आहे, त्यानंतर ओसीआयचा, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या कार्डाचा, अर्ज करायचा आहे. दिवाळीला सांगलीला जायचे असेल, तर हे सगळे त्याआधी मार्गी लागायला हवे.